लाँगबोच्या लिम्बसाठी लॅमिनेशन कुठली घ्यायची आणि टेपर किती ठेवायचा?

तिरकामठा_ऐरोली

नमस्कार मंडळी. लाकडी धनुष्य बनवण्यावर मराठीत सविस्तर असं काही सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय. मला एक लाँगबो बनवायचाय, पूर्ण लाकूड-बांबूचा, फायबरग्लास अजिबात नको. लांबी ६८ इंच, ड्रॉ (दोरी ओढायचं अंतर) २८ इंच, वजन (पूर्ण ओढायला लागणारा जोर) ४५ पाउंडच्या आसपास. रबाळे एमआयडीसीत एका मित्राचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, तिथे रविवारी जागा आणि थिकनेस प्लेनर दोन्ही मिळतं. सामान असं जमलंय : बॅकसाठी बांबू, कोअरसाठी बांबू फ्लोअरिंगच्या उरलेल्या पट्ट्या आणि थोडा जुना साग, बेलीसाठी डेकिंगवाल्याकडून आणलेल्या इपेच्या (जड, कठीण लाकूड) पट्ट्या. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी, बॅक म्हणजे धनुष्याची टार्गेटकडची बाजू, ती ओढली जाते, आणि बेली म्हणजे आपल्या तोंडाकडची, ती दाबली जाते. मधलं ते कोअर. लिम्ब म्हणजे ग्रिपच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, लॅमिनेशन म्हणजे एकमेकांवर चिकटवायची पट्टी, आणि टेपर म्हणजे टोकाकडे कमी होत जाणारी जाडी.

आता प्रश्न. सगळीकडे ०.००२ टेपर, ०.००३ टेपर असं वाचतोय, पण तो नेमका कुठल्या लॅमिनेशनमध्ये घालायचा? तिन्हीत थोडा थोडा, की एकाच पट्टीत? आणि पूर्ण लाकडी धनुष्याला तोच आकडा चालतो का? सगळं चिकटवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी विचारून घेतलेलं बरं.

कोपरीचा_सुतार

छान विषय, वाखुसा (वाचनखूण साठवली). आधी आकड्याचं बघू. ०.००२ म्हणजे इंचाला दोन हजारांश इंच. पण हे प्रमाण आहे, त्याला एकक नाही, त्यामुळे सरळ मीटरला २ मिलिमीटर असं धरा. आपल्याकडे कारागीर सूत आणि मिलिमीटरमध्ये बोलतात, त्यांना "पाऊण मीटरला दीड मिली उतार पाहिजे" असं सांगितलं की लगेच कळतं, ०.००२ सांगितलं की पट्टी खराब होऊन हातात येते.

जिग सोपा आहे. जाड एमडीएफच्या फळीला प्लेनरवर किंवा सँडरवर तेवढा उतार काढून घ्यायचा, त्यावर तुमची पट्टी दुहेरी टेपने चिकटवायची, मशीनमधून काढायची, झाला टेपर. तीन मिलीच्या खालची पट्टी मोकळी घालू नका, फडफडते आणि शेवटचा तुकडा ब्लेड खाऊन टाकतं. बांबू तर पेराजवळ हमखास चिपा सोडतो. ड्रम सँडर किंवा वाइड बेल्ट सँडर कुठे मिळत असेल तर तोच धरा. वागळे इस्टेटला प्लायवूड-फर्निचरचे बरेच गाळे आहेत, विचारलं तर रिकाम्या वेळात पट्ट्या काढून देणारं कोणीतरी भेटतं.

स्ट्रेनगेज_घोडबंदर

मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे थोडं लांबण लावतोय, पण टेपरचा आकडा कुठून येतो हे एकदा कळलं की दुसऱ्याचा आकडा उचलायची गरजच राहत नाही.

लिम्बची ताठरता रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी १० टक्के वाढवली तर ताठरता १० टक्के, जाडी १० टक्के वाढवली तर ३३ टक्के. म्हणून धनुष्यात सगळा खेळ जाडीचा. आता धनुष्य ओढल्यावर लिम्बवरचं वाकवणारं बल टोकाला शून्य आणि ग्रिपकडे येईपर्यंत साधारण सरळ रेषेत वाढत जातं. लिम्ब सगळीकडे सारखं, गोलाईत वाकायला हवं असेल तर ताठरताही त्याच प्रमाणात कमी होत जायला हवी. रुंदी तीच ठेवली तर जाडी घनमुळाने कमी होते. म्हणजे फेडजवळ (ग्रिपची जाडी जिथे लिम्बमध्ये उतरून संपते तिथे) १५ मिली असेल, तर लिम्बच्या मध्यावर १५ गुणिले ०.७९, म्हणजे ११.९. टोकापासून पाव अंतरावर ९.४. आकडे नीट बघा, पहिल्या अर्ध्या भागात ३ मिली उतरले आणि पुढच्या फक्त पाव भागात अडीच. खरा टेपर सरळ नसतोच, टोकाकडे जास्त पडतो.

पण मशीनवर सरळ उतारच निघतो, आणि टोकाकडे आपण रुंदीही कमी करतो. समजा मध्यापर्यंत ३२ मिली रुंदी, तिथून नॉकपर्यंत (टोकाला दोरी अडकवायची खाच) १२. मग टोकापासून पाव अंतरावर रुंदी २२ भरते आणि तिथे जाडी १०.७ लागते. आता ७५० मिलीच्या वाकणाऱ्या लिम्बला मीटरला ६ मिलीचा सरळ टेपर देऊन बघा : १५, मध्यावर १२.७५, त्या पाव जागी ११.६, नॉकला १०.५. सगळीकडे हवी त्यापेक्षा जरा जास्त जाडी राहते, आणि टिलर करताना (दोन्ही लिम्ब सारखी वाकेपर्यंत तासताना) काढायला तेवढं मटेरियल हवंच असतं. म्हणून पूर्ण लाकडी, मध्यापर्यंत एका रुंदीच्या लाँगबोला एकूण ०.००६ ही चांगली सुरुवात. तुम्ही वाचलेला ०.००२ हा बऱ्याचदा फायबरग्लासवाल्या धनुष्याच्या एका पट्टीचा आकडा असतो. तिथे काच तासायची नसते, बहुतेक सगळं काम पट्ट्यांचा टेपर आणि रुंदीच करते, त्यामुळे एकूण टेपरही कमी ठेवतात.

लिम्ब फेडपासून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळतं होत गेलं, ज्याला पिरॅमिड म्हणतात, तर जाडी जवळपास एकसारखी ठेवली तरी ते गोलाईत वाकतं. त्यामुळे आधी वरून दिसणारा आकार ठरवा, मग टेपर. आकार न सांगता टेपर किती हे विचारणं अर्धवट राहतं.

तिरकामठा_ऐरोली

दादा, हे एवढं स्वच्छ कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मनापासून धन्यवाद. रुंदी तुम्ही धरलीत तशीच ठेवतोय, ३२ आणि मध्यानंतर निमुळती. पण मुख्य प्रश्न राहिलाच, ०.००६ घालायचा कुठे? आणि कोअरला साग की बांबू फ्लोअरिंग?

बेलापूर_सेक्टर_८

माझं मत सरळ आहे. तिन्ही पट्ट्या एकसारख्या जाडीच्या घ्या, चिकटवा, आणि सगळा टेपर बेलीकडून रंधा आणि कानस मारून काढा. जिग नको, सँडर शोधत फिरणं नको. शेवटी टिलर करताना कानस हातात घ्यावीच लागते ना, मग तीच दोन तास जास्त चालवा. एकाच लाकडाचं धनुष्य करणारे वर्षानुवर्षं असंच करत आलेत.

कोपरीचा_सुतार

बेलापूरकर, एकाच लाकडाच्या धनुष्यात तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तीन थरांत मात्र अडचण येते. समजा बॅक ३, कोअर ६, बेली ६. पूर्ण साडेचार मिलीचा उतार बेलीतूनच काढला तर नॉकजवळ इपे उरलं दीड मिली. त्यात कडा गोल केल्या की दोन्ही बाजूंनी खालचं कोअर उघडं पडतं. आणि दाब सगळ्यात जास्त बेलीच्या पृष्ठभागावर असतो, तिथे तुम्ही सागाला किंवा फ्लोअरिंगच्या बांबूला बसवलंत. महागाचं इपे तासून जमिनीवर पडलं आणि त्याच्या जागी नरम लाकूड दाब खातंय, मग लिम्ब तिथे वाकडं राहायला लागतं, आणि एकदा हा सेट (कायमचा बाक) आला की तो जात नाही.

म्हणून टेपर कोअरमध्ये. बेलीची पट्टी शेवटपर्यंत एका जाडीची राहू द्या आणि टिलर करताना तिच्यातून मिली-अर्धा मिली जे जाईल ते जाऊ द्या. मी तर म्हणेन या सगळ्या चर्चेतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या.

स्ट्रेनगेज_घोडबंदर

+१. आकड्यातच सांगायचं तर, जाडीचा मधला अर्धा भाग एकूण ताठरतेचा फक्त आठवा हिस्सा देतो. उरलेले सात हिस्से वरच्या आणि खालच्या पाव-पाव भागातून येतात. म्हणजे कोअर हे फक्त बॅक आणि बेलीला एकमेकांपासून लांब धरून ठेवतं. तिथे जाडी कमीजास्त करायला सगळ्यात स्वस्त जागा तीच, आणि लाकूडही हलकं चालतं. टोकाकडचं वजन जितकं कमी तितका बाण वेगात सुटतो, कारण सुटताना लिम्बचा तोच भाग सगळ्यात जोरात धावतो.

पण हलकं म्हणजे कुठलंही नाही. मधल्या थरात ओढ-दाब कमी असला तरी दोन थर एकमेकांवरून सरकू पाहतात, ते सरकणं कोअर आणि गोंद मिळून अडवतात. ठिसूळ, भुसभुशीत किंवा गाठीचं लाकूड तिथे फाटतं. साग चालेल, रेघ मात्र टोकापासून टोकापर्यंत सरळ पाहिजे. फ्लोअरिंगचा बांबू मला जास्त आवडतो. त्यातही उभ्या पट्ट्या चिकटवून केलेलं फ्लोअरिंग घ्या, आणि वरचं पॉलिश पूर्ण उतरवा.

माणगा_आणि_मेस

वाचतोय, आता बांबूवर थोडं. आमचं गाव सिंधुदुर्गात, घरी बांबूची लागवड आहे, मी राहतो खारघरला.

धागाकर्त्याने बॅकसाठी बांबू घेतलाय म्हणतो, पण त्याचा व्यास किती ते सांगितलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बांबूची ताकद बाहेरच्या सालीजवळ, धागे तिथेच दाट असतात, त्यामुळे बाहेरची बाजू तासायची नाही, वरचं मेणचट हिरवं-पिवळं फक्त खरवडायचं, पेरं अगदी हलक्या हाताने, आणि जाडी आतल्या बाजूने कमी करायची. आता बाहेरची बाजू गोल आणि आतली तुम्ही सपाट करणार. ३२ मिली रुंदीची पट्टी १०० मिली व्यासाच्या बांबूतून काढली तर मधोमध आणि कडा यांत २.६ मिलीचा फरक पडतो. म्हणजे मध्ये ३ मिली ठेवली तर कडेला अर्धा मिलीसुद्धा उरत नाही! ७५ मिली व्यासाचा असेल तर फरक ३.६, मग विषयच संपला. १५० मिली व्यासाचा मिळाला तर १.७, हे जमतं. म्हणून आमचा कोकणातला माणगा कितीही भरीव आणि चिवट असला तरी बॅकच्या रुंद पट्टीला चालत नाही, तो बारीक असतो. बांबूवाल्याकडे जाताना टेप घेऊन जा आणि सगळ्यात जाड बुंध्याचा तुकडा मागा. परांचीचा जुना बांबू नको, उन्हापावसात उललेला असतो.

आणि पट्टीवर, खाली पिवळं पीठ पडलेलं दिसलं तर ती बाजूला काढा, आत कीड आहे.

तिरकामठा_ऐरोली

माणगा भाऊ, आत्ताच टेप लावून बघितलं, माझा १२० च्या आसपास आहे. तुमच्या हिशोबाने किती फरक?

माणगा_आणि_मेस

२.२ पडेल. मध्ये ३.२ ते ३.५ ठेवा, कडेला एक-सव्वा मिली राहील. तसंही लिम्ब मध्यानंतर निमुळतं होतंय, १६ मिली रुंदीला हाच फरक जेमतेम अर्धा मिली, त्यामुळे टोकाकडे बांबू निवांत सव्वादोनपर्यंत पातळ करता येतो. जाड बांबूचा मोह टाळा. बांबू ओढीला एवढा दणकट की जाड ठेवला तर बेलीच आधी चिरडते. बॅकच्या कडा थोड्या आत तासून बॅक बेलीपेक्षा अरुंद ठेवतात ती त्यासाठीच.

खाडीकिनारा

मी पूर्ण नवखी आहे, ठाण्यात राहते, माझ्या मुलीला तिरंदाजी शिकायची आहे. तिच्यासाठी २५ पाउंडचं करायचं झालं तर हेच सगळं बारीक करायचं का? चुकीचा प्रश्न असेल तर माफ करा.

स्ट्रेनगेज_घोडबंदर

ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. वजन निम्मं करायचं म्हणून जाडी निम्मी करायची नाही. ४५ वरून २५ वर यायला जाडी ८२ टक्के करायची, म्हणजे फेडजवळ १५ ऐवजी १२.३. आणि टेपरही त्याच प्रमाणात कमी, ०.००६ ऐवजी ०.००५. रुंदी थोडी कमी केली तरी चालेल. मुलीचा ड्रॉ २८ पेक्षा कमी असेल तर धनुष्य आखूड घेता येईल, पण शिकताना लांब धनुष्य हाताला मऊ लागतं आणि बोटं चिमटत नाहीत, त्यामुळे फार आखूड करू नका. आणि तिला आधीच सांगून ठेवा, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. सगळी ऊर्जा लिम्बमध्येच परत जाते आणि चांगलं धनुष्य तडकतं.

खाडीकिनारा

खूप आभार दादा. लाकडाचं काम कोपरीकर काकांना विचारते मग.

कोपरीचा_सुतार

नक्की विचारा ताई. इपे हलक्या धनुष्याला गरजेचं नाही. वखारीत धामण मिळाली तर बघा, आपल्या सह्याद्रीतलंच झाड, चिवट आणि लवचीक, अवजारांचे दांडे तिचे करतात. बेलीला उत्तम. पण वखारीतूनच, बिल घेऊन. येऊरकडे फिरायला गेल्यावर एखादं सरळ खोड दिसलं म्हणून हात लावायचा नाही, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. शिसम मिळतं सगळीकडे, पण त्याची रेघ बऱ्याचदा उलटसुलट गुंतलेली असते, सरळ तुकडा शोधायला वेळ द्यावा लागतो.

पावसाळी_हवा

मंडळी, लॅमिनेशन आणि टेपर छान झालं, पण आपण ठाणे-नवी मुंबईत आहोत हे कोणीच धरलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीजवळच्या घरात आर्द्रता ८०-९० टक्के असते आणि लाकूड त्या हवेत १६ टक्क्यांच्या वर पाणी धरून बसतं. बेलीला ८ ते १० टक्के हवं. ओलं लाकूड नरम असतं, दाबाखाली लवकर बसतं आणि सेट घेतं. तुमचा टेपर पाव मिलीपर्यंत अचूक असला तरी ओल्या पट्ट्या चिकटवल्या तर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय साग, बांबू आणि इपे तिघंही वेगवेगळं सुकतात, एक पट्टी ओली आणि एक कोरडी चिकटवली की नंतर गोंदाच्या रेषेवर ताण येतो.

माझ्याकडे प्लायची लांब पेटी आहे, आतून थर्माकोल, दोन पिवळे बल्ब आणि एक आर्द्रतेचा काटा. हिशोब असा की बाहेरची हवा २८ डिग्री आणि ८५ टक्के असेल आणि पेटीत ती ४० डिग्रीपर्यंत तापवली, तर आर्द्रता आपोआप ४४ टक्क्यांच्या आसपास येते आणि लाकूड हळूहळू ८ टक्क्यांकडे जातं. पट्ट्या रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, वजन उतरायचं थांबलं की झाल्या तयार. त्याच पेटीत नंतर गोंदही चांगला पिकतो. पॉलिश मारलं तरी ओल आत शिरायची थांबत नाही, फक्त वेग कमी होतो, त्यामुळे पावसाळ्यात धनुष्य दोरी उतरवून पेटीतच ठेवा.

बेलापूर_सेक्टर_८

ही पेटी फार कामाची कल्पना आहे, करतोच. टेपर कोअरमध्ये हेही पटलं. एकच शंका, कोअर आणि बेली एकाच लाकडाची घेतली तर माझी पद्धत चालेल ना?

कोपरीचा_सुतार

चालेल की. दोन्हीकडे इपे किंवा दोन्हीकडे धामण असेल तर खालचा थर उघडा पडला तरी काही बिघडत नाही. फक्त धनुष्य जड होईल.

तिरकामठा_ऐरोली

सगळं वाचून मी असं ठरवलंय, बघा काही चुकतंय का. बॅक बांबू मधोमध ३.२ वरून २.४५ (०.००१), कोअर उभ्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग ५.८ वरून २.०५ (०.००५), बेली इपे ६ एकसारखी. बेरीज फेडजवळ १५, नॉकला १०.५. गोंद सावकाश सेट होणारं अरल्डाइट. चिकटवताना टोकं दीड इंच पुढे, म्हणजे टार्गेटकडे वाकवून ठेवणार, टिलर झाल्यावर थोडं तरी टिकावं म्हणून.

स्ट्रेनगेज_घोडबंदर

बेरीज बरोबर. १५ चा स्टॅक ४५ पाउंडच्या थोडा वर येईल, ते हवंच, कडा गोल करताना आणि टिलर करताना उतरतं. बेली याच्या वर जाड घेऊ नका. एक काम नक्की करा, चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीवर दर १०० मिलीवर पेन्सिलने खूण करून व्हर्नियरने माप घ्या आणि लिहून ठेवा, दोन्ही लिम्बची मापं शेजारी-शेजारी. एकूण १२.७५ जाडीत ०.३ मिलीचा फरक म्हणजे ताठरतेत ७ टक्के. एका लिम्बचा फरक दुसऱ्याच्या पट्टीने जुळवता येतो, पण चिकटवण्याआधीच. ग्रिप मध्याच्या जरा खाली येते, त्यामुळे दोन्हीपैकी किंचित ताठ निघेल ते खालचं लिम्ब करा.

कोपरीचा_सुतार

गोंदाचं सांगतो. पांढरा सुतारी गोंद घेतला नाहीत हे चांगलं, सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. अरल्डाइटला मात्र सुतारासारखे शिकंजे आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि एका टोकापासून ओढून घट्ट गुंडाळत जा, दाब सगळीकडे सारखा बसतो. फॉर्मला (ज्या साच्यावर पट्ट्या चिकटवता त्याला) आधी पॅकिंग टेप लावा नाहीतर धनुष्य फॉर्मसकट निघेल. आणि इपे तेलकट असतं : ६० नंबरचा कागद मारा, ॲसिटोनने पुसा, फडक्यावर रंग यायचा थांबेपर्यंत पुसा, आणि पुसल्यावर लगेच, त्याच तासात गोंद लावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. इपेची धूळ घशाला आणि कातडीला चांगलीच झोंबते, मास्क लावूनच घासा.

तिरकामठा_ऐरोली

ॲसिटोन आणि ट्यूब दोन्ही या आठवड्यात आणतो. आधी पट्ट्या पावसाळी_हवा यांच्या पेटीसारख्या पेटीत सुकवतो, मग टेपर काढतो, मापं इथेच टाकतो.

पावसाळी_हवा

क्रम बरोबर आहे, आधी सुकवणं मग टेपर. सुकताना जाडीही थोडी आकसते, त्यामुळे आधी काढलेला टेपर मापात राहत नाही. पट्ट्या पेटीत आडव्या ठेवा, मध्ये काड्या घालून, दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे.